हां म्हणणारी

पंखा बंद करावा लागतो, हे आधीच सांगते सगळ्यांना.
सेलूत, मे महिन्यात, पंखा बंद करून
माणसाला हसवायला लावणं
हा माझ्या नावावरचा एकमेव गुन्हा.

झेरॉक्सच्या दुकानामागची खोली.
भिंतीला अंड्यांचे रिकामे ट्रे, हाफिजभाईंनी फुकट दिलेले,
दाराला दोन गोधड्या,
हप्त्यावर घेतलेला माइक
आणि प-फ-ब-भ चा फटका बसू नये म्हणून
त्याच्यावर माझाच एक धुतलेला मोजा.

इथं बसून गेलेत
कोंबडा, बुलेट आणि पुढारी एका दमात काढणारा
ऑर्केस्ट्रातला वालूरचा पोरगा,
बारशात जादू करणारे देशमाने गुरुजी
(कबूतर टोनरवर हगलं, तो भाग सगळ्यात जास्त चालला),
आणि एक मुलगी, नाव सांगणार नाही,
तिच्या आईला वाटतं ती टायपिंगला जाते.
ऐकणारे एकसष्ट.
त्यातले दोन मीच, दोन फोनवरून.

भाग एकोणचाळीस. गैबीनाथ रणखांबे, फडातले सोंगाड्या.
वय विचारलं तर म्हणाले,
"कुठलं सांगू? तिकिटाचं का पगारीचं?"
मी हसले. माइकपासून तोंड वळवून, सवयीनं.
ते थांबले.
"बाई, हसू कुठं लपवायलीस?"

पाहुण्याच्या आवाजावर माझा आवाज चढला
की नंतर कापताना त्रास होतो, मी सांगितलं.
"कापतीस?"
हो. खोकला, अडखळणं, मधली रिकामी जागा.
न्हाव्यानं कानाला वस्तरा लावावा
तसे बघत राहिले माझ्याकडं.

मग मौलाभाईचं निघालं.
तेवीस वर्षं शेजारी उभा.
एक विनोद त्याच्या नावावर नाही.
"मी म्हनायचो, काल मी सर्गात गेलतो.
तो म्हनायचा, हां.
बास. त्या हां मदी एवढा संशय, बाई,
की पब्लिक तिथंच आडवं.
पुढचं मला बोलावंच लागायचं न्हाई."

मौलाभाई गेला पावसाळ्याच्या तोंडावर, तंबू उतरवताना.
पुढची सुपारी आधीच घेतलेली.
"उभा राह्यलो. म्हन्लं, काल मी सर्गात गेलतो.
आन् थांबलो.
दोन हजार मान्सं. कुनी हां म्हन्लं न्हाई."

तेवढ्यात मालगाडी आली.
दर भागात येते. मी हात वर केला, थांबा.
गोधड्या थरथरल्या. पाण्याचा ग्लास टेबलावर इंचभर सरकला.
आम्ही दोघं घाम पुसत
एकमेकांकडं न बघता डबे मोजत बसलो.

मग काय केलंत?
"काय करनार. मीच म्हन्लो हां. त्याच्या आवाजात."
लोक?
"हसले. लई हसले.
कोपऱ्यातली ढोलकी तेवढी वाजली न्हाई."

मी पुढचा प्रश्न कागदावर शोधत होते.
कागद ओला झाला होता.
"काल मी सर्गात गेलतो," ते म्हणाले,
माइककडं नाही, माझ्याकडं बघून.
"हां," मी म्हटलं.
"हे तर पटलं तुला. पटू न्हाई."
हां.
"आता भांडायलीस."
हां.
चौथ्याला, का पाचव्याला, त्यांनी मान हलवली.
"ऱ्हाऊ दे. मौला पैल्या साली याच्याहून वाईट होता."

रात्री कापायला बसले.
मालगाडी ठेवली, अठ्ठावन्न डबे, सगळे.
माझे पाचही हां ठेवले, चुकलेले चार धरून.
पंख्याखाली, हेडफोन लावून,
पहिल्यांदा ऐकलं की या कार्यक्रमात
अडतीस भाग मी नव्हतेच.

सकाळी एक जण आधारची झेरॉक्स काढायला आला.
म्हणाला, फोटो काळा येऊ देऊ नका, मीच आहे तो.
"हां," मी म्हटलं.
त्यानं कार्ड परत घेतलं
आणि उजेडात नेऊन नीट बघितलं.